युद्धकालीन परकीय सत्ता आणि प्रतिनिधित्वाचा प्रश्न : वर्धा जिल्हा (१९३९–१९४६)

प्रस्तावना

परकीय सत्तेच्या लष्करी अमलाखालील प्रदेशात युद्धकाळी होणाऱ्या निवडणुका, त्यांतील दडपण आणि हस्तक्षेप यांची चर्चा प्रामुख्याने युरोप व आग्नेय आशियाच्या संदर्भात झालेली आढळते. या चर्चेत मतपेटीतील गैरव्यवहार, मतदारांवरील दहशत आणि बनावट निकाल यांवर भर दिला जातो. तथापि निवडणुकीतील हस्तक्षेप मतदानाच्या दिवशीच घडतो असे नाही. निवडणूक केव्हा घ्यावयाची, उमेदवार कोण होऊ शकतो, मतदार कोणाला म्हणावयाचे आणि निवडून आलेल्या सभागृहाने काय करावयाचे, हे ठरविणारी सत्ता परकीय असेल तर मतपेटीला हात न लावताही जनमत निष्प्रभ करता येते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील वर्धा जिल्ह्याच्या अनुभवाच्या आधारे याच मुद्द्याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

आंतरराष्ट्रीय कायद्याच्या परिभाषेत तत्कालीन हिंदुस्थान हा शत्रूच्या ताब्यातील प्रदेश नव्हता. त्यामुळे १९०७ च्या हेग नियमावलीने ताबेदार सैन्यावर घातलेली बंधने येथे लागू होत नव्हती. पण ज्या देशाला त्याच्या प्रतिनिधींना न विचारता ३ सप्टेंबर १९३९ रोजी युद्धात सामील करण्यात आले, त्या देशातील जिल्ह्याची परिस्थिती ताबेदार राजवटीच्या परिस्थितीहून किती वेगळी होती, हा प्रश्न रास्त ठरतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

युद्धाच्या छायेत स्थानिक सत्ताधारी ठरविण्याचा परकीय सत्तेचा प्रयत्न या प्रदेशाला नवा नव्हता. नोव्हेंबर १८१७ मधील सीताबर्डीच्या लढाईनंतर आप्पासाहेब भोसले पदच्युत झाले आणि १८१८ मध्ये अल्पवयीन तिसरे रघूजी गादीवर आले. दत्तकविधान भोसले घराण्याच्या रीतीनुसार झाले, परंतु कारभार रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स यांच्या हाती राहिला. बाह्य रूप देशी आणि निर्णय परकीय, ही व्यवस्था तेव्हाच दिसून आली. १८५३ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि १८६२ मध्ये नागपूर जिल्ह्यातून वर्धा हा स्वतंत्र जिल्हा निर्माण करण्यात आला.

लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावानंतर मध्यप्रांतात १८८३ चा स्थानिक स्वराज्य कायदा झाला. पुढे १९२० च्या कायद्याने जिल्हा कौन्सिल व तहसीलवार लोकल बोर्डे यांची, तर १९२२ च्या कायद्याने नगरपालिकांची रचना निश्चित झाली. वर्धा, आर्वी आणि हिंगणघाट या तीन तहसिलींच्या जिल्ह्यात शेतकरी, व्यापारी व वकील वर्गाला सार्वजनिक कारभाराचे पहिले शिक्षण याच संस्थांतून मिळाले. मात्र नगरपालिका कर्तव्य पार पाडण्यास असमर्थ ठरल्यास, सातत्याने कसूर करीत असल्यास किंवा अधिकारांचा दुरुपयोग करीत असल्यास ती बरखास्त करण्याचा अधिकार १९२२ च्या कायद्याच्या ५७ व्या कलमान्वये प्रांतिक सरकारने स्वतःकडे ठेवला होता. हे ‘प्रांतिक सरकार’ म्हणजे प्रत्यक्षात कोण, या प्रश्नाला युद्धकाळात निर्णायक महत्त्व आले.

वर्ध्याचा निर्णय आणि कलम ९३

१९३७ च्या निवडणुकीत मध्यप्रांत व वऱ्हाडच्या ११२ जागांच्या विधानसभेत काँग्रेसला स्पष्ट बहुमत मिळाले. मताधिकार मालमत्ता, कर, शेतसारा व शिक्षण यांवर आधारलेला आणि मतदारसंघ जातीय तत्त्वावर विभागलेले होते. म्हणजे मतदार कोण, हे मुळातच लंडनमध्ये ठरले होते. तरीही जुलै १९३७ मध्ये डॉ. ना. भा. खरे यांचे आणि १९३८ मध्ये पं. रविशंकर शुक्ल यांचे मंत्रिमंडळ सत्तेवर आल्याने स्थानिक संस्थांवरील देखरेख विधानसभेला जबाबदार असलेल्या मंत्र्याकडे आली. स्थानिक स्वराज्य खाते पं. द्वारकाप्रसाद मिश्र यांच्याकडे होते.

महायुद्ध सुरू झाल्यावर काँग्रेस कार्यकारिणीची बैठक वर्ध्यातच भरली. १४ सप्टेंबर १९३९ च्या निवेदनात युद्धाचे हेतू स्पष्ट करण्याची मागणी करण्यात आली. समाधानकारक उत्तर न मिळाल्याने ऑक्टोबरच्या उत्तरार्धात वर्ध्यातच झालेल्या बैठकीत काँग्रेस मंत्रिमंडळांना राजीनामे देण्यास सांगण्यात आले. नोव्हेंबरमध्ये शुक्ल मंत्रिमंडळ पायउतार झाले आणि गव्हर्नरने १९३५ च्या कायद्यातील ९३ व्या कलमान्वये प्रांताची सत्ता हाती घेतली.

मंत्रिमंडळाने स्वतःच राजीनामा दिला असताना हस्तक्षेपाचा आरोप कसा करता येईल, असा आक्षेप येथे संभवतो. तो गंभीरपणे घ्यावयास हवा. मंत्रिमंडळ सोडणे हा काँग्रेसचा निर्णय होता, परंतु पुढील साडेसहा वर्षे मतदारांकडे न जाणे हा तिचा निर्णय नव्हता. विधानसभा विसर्जित करून नवा कौल मागण्याचा मार्ग गव्हर्नरला खुला होता. तो अवलंबिला गेला नाही. कलम ९३ खालील उद्घोषणा कोणत्याही परिस्थितीत तीन वर्षांहून अधिक काळ चालू नये अशी मूळ कायद्यातच मर्यादा होती. तीही ब्रिटिश पार्लमेंटच्या युद्धकालीन तरतुदीने ओलांडली गेली. परिणामी १९३७ नंतर वर्धा जिल्ह्यातील मतदाराला प्रांतिक विधानसभेसाठी पुन्हा मत देण्याची संधी थेट १९४६ मध्ये मिळाली. दरम्यान स्थानिक संस्था बरखास्त करण्याचा अधिकार बाळगणारे ‘प्रांतिक सरकार’ म्हणजे गव्हर्नर आणि त्याचे सनदी सल्लागार असा अर्थ झाला. कायद्याचे एकही अक्षर न बदलता त्याचा आशय बदलला.

तुरुंग आणि प्रतिनिधित्व

१७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनार येथे विनोबा भावे यांनी वैयक्तिक सत्याग्रहाचा प्रारंभ केला. या आंदोलनात निवडून आलेले प्रतिनिधी मोठ्या संख्येने तुरुंगात गेले. प्रतिनिधी तुरुंगात असला म्हणजे सभागृहाचे गणित बदलते, हे अन्य प्रांतांत लवकरच दिसून आले. ओरिसात नोव्हेंबर १९४१ मध्ये पार्लाकिमेडीच्या महाराजांचे आणि वायव्य सरहद्द प्रांतात मे १९४३ मध्ये औरंगजेब खान यांचे मंत्रिमंडळ, काँग्रेसचे अनेक सदस्य कारावासात असताना सत्तेवर आले. मध्यप्रांतात असे पर्यायी मंत्रिमंडळ बनले नाही. येथे सभागृहच मिटलेले राहिले.

याहून सूक्ष्म साधन १९३५ च्या कायद्याच्या ६९ व्या कलमात होते. दोन वर्षे वा अधिक शिक्षा झालेली व्यक्ती सुटकेनंतर पाच वर्षे विधानसभेच्या सदस्यत्वास अपात्र ठरे. मात्र ही मुदत एखाद्या व्यक्तीपुरती कमी करण्याचा अधिकार गव्हर्नरच्या स्वेच्छेवर सोपविलेला होता. ज्या सत्तेने आंदोलकांना शिक्षा केली, तिचाच प्रमुख त्यांच्यापैकी कोणी निवडणूक लढवावी हे ठरवू शकत होता. हस्तक्षेपासाठी मतपेटी फोडण्याची गरज का नव्हती, हे या एका तरतुदीवरून पुरेसे स्पष्ट होते.

आष्टी, चिमूर आणि सभागृहाचे मौन

१४ जुलै १९४२ रोजी काँग्रेस कार्यकारिणीने ब्रिटिश सत्ता संपुष्टात आणण्याच्या मागणीचा ठराव वर्ध्यातच संमत केला. ८ ऑगस्टच्या मुंबई ठरावानंतर नेत्यांना अटक झाली. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीच्या दिवशी, तत्कालीन आर्वी तहसिलीतील आष्टी येथे लोकांचा जमाव पोलीस ठाण्यावर चालून गेला. गोळीबारात आंदोलक मृत्युमुखी पडले. जमावाच्या हल्ल्यात पोलीसही ठार झाले. त्याच दिवशी शेजारच्या चांदा जिल्ह्यात चिमूर येथे उठाव झाला व तेथे लष्कर पाठविण्यात आले. सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याच्या तक्रारी पुढे आल्या, परंतु सरकारने चौकशी नाकारली.

येथे प्रतिनिधित्वाच्या अभावाचे खरे मोल लक्षात येते. विधानसभा अस्तित्वात असती तर प्रश्न, तहकुबी सूचना वा चौकशीची मागणी यांपैकी काही ना काही मार्ग उपलब्ध झाला असता. तो नसल्यामुळे सेवाग्राम आश्रमातील प्रा. ज. प्र. भन्साळी यांना चिमूरच्या चौकशीसाठी उपोषण करावे लागले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील सदस्य व यवतमाळचे लोकनायक बापूजी अणे यांच्याकडे त्यांनी दिल्लीत दाद मागितली. पुढे जानेवारी १९४३ पर्यंत एकूण त्रेसष्ट दिवस हे उपोषण चालले. त्याच्या वृत्तावरही निर्बंध घालण्यात आले. एका साध्या चौकशीच्या मागणीसाठी एका व्यक्तीला प्राण पणाला लावावे लागले, कारण ती मागणी मांडण्याची वैध जागा बंद होती.

आष्टी व चिमूर खटल्यांत अनेकांना फाशीची शिक्षा सुनावण्यात आली. त्यांच्या सुटकेसाठी झटणाऱ्यांत नागपूरच्या अनसूयाबाई काळे अग्रभागी होत्या. १९३७ च्या विधानसभेच्या त्या उपसभापती होत्या. ज्या सभागृहात त्यांनी आसन भूषविले होते त्याऐवजी त्यांना अर्ज, सभा आणि भेटीगाठी यांचा आश्रय घ्यावा लागला. १९४५ मध्ये उर्वरित फाशीच्या शिक्षा रद्द होऊन जन्मठेपेत रूपांतरित झाल्या.

तुलनात्मक दृष्टी

याच काळातील अन्य उदाहरणे बोधप्रद आहेत. जर्मन ताब्यातील डेन्मार्कमध्ये २३ मार्च १९४३ रोजी संसदीय निवडणूक झाली. कम्युनिस्ट पक्षावर बंदी असली तरी सुमारे ८९ टक्के मतदान होऊन डॅनिश नाझी पक्षाला जेमतेम २ टक्के मते मिळाली. काही महिन्यांतच, ऑगस्टअखेर, तेथील सरकारचे कामकाज संपुष्टात आले. जपानी ताब्यातील फिलिपिन्समध्ये सप्टेंबर १९४३ मध्ये राष्ट्रीय सभा निवडली गेली, पण ती निवड कालिबापी या एकमेव मान्य संघटनेच्या चौकटीतच झाली. अलीकडे, सप्टेंबर २०२२ मध्ये, रशियाने युक्रेनच्या ताब्यात घेतलेल्या चार प्रांतांत सार्वमत घेतले. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १२ ऑक्टोबर २०२२ रोजी १४३ मतांनी ते अवैध ठरविले.

डेन्मार्कमध्ये मतदान होऊ दिले पण सभागृह टिकू दिले नाही. फिलिपिन्समध्ये उमेदवारच निवडून दिले. युक्रेनच्या प्रांतांत बंदुकीच्या छायेत होकार मिळविला. वर्ध्यात मतदानच पुढे ढकलले गेले. मार्ग भिन्न असले तरी जनतेची संमती सत्तेच्या सोयीनुसार वापरावयाची, हे सूत्र समान आहे. किंबहुना शेवटचा मार्ग सर्वांत कमी नजरेत भरणारा असल्यामुळे तो अधिक काळ टिकला.

निष्कर्ष

२१ ऑगस्ट १९४५ रोजी लॉर्ड वेव्हेल यांनी निवडणुका जाहीर केल्या. १९४६ मध्ये मध्यप्रांत व वऱ्हाडच्या विधानसभेत काँग्रेसला पूर्वीपेक्षाही मोठे बहुमत मिळाले आणि पं. शुक्ल पुन्हा सत्तेवर आले. दडपलेले जनमत नाहीसे झाले नव्हते, इतकेच या निकालाने सिद्ध केले. मधल्या काळात आष्टीत वाहिलेले रक्त आणि भन्साळींचे उपोषण यांची भरपाई मात्र कोणत्याही निकालाने होणे शक्य नव्हते.

या अनुभवाचा वारसा दुहेरी आहे. कलम ९३ ची छाया स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेतील अनुच्छेद ३५६ मध्ये उतरली. दुसरीकडे, ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्तीने (१९९२) स्थानिक संस्थांची मुदत पाच वर्षांची ठरवून, बरखास्तीनंतर सहा महिन्यांच्या आत निवडणूक घेणे बंधनकारक केले. या तरतुदीनंतरही महाराष्ट्रातील अनेक स्थानिक संस्थांचा कारभार २०२२ पासून दीर्घकाळ प्रशासकांच्या हाती राहिला. त्यामागील कारणे न्यायालयीन व सामाजिक होती आणि सत्ता परकीय नव्हती. म्हणून दोन्ही परिस्थिती समान मानणे अनैतिहासिक ठरेल. परंतु लोकनियुक्त सभागृह रिकामे असताना नागरिकाने दाद कोठे मागावी, हा १९४२ च्या वर्धा जिल्ह्याने उभा केलेला प्रश्न स्वराज्यातही तितकाच लागू आहे. मत कोणाला दिले याइतकेच ते वेळेवर देता आले की नाही, यावर लोकशाहीचे मोजमाप व्हावयास हवे.