ग्राहक न्यायाचा जमाखर्च

स्मरणिका समितीने मला सांगितलं की, "तुम्ही दहा वर्षं सेक्रेटरी होतात, सोसायटीच्या इतिहासावर लिहा." आता आपला इतिहास म्हणजे काय, तर पाण्याची टाकी, लिफ्ट, गळती आणि कन्व्हेयन्स. यातली पहिली तीन कामं आपण वर्गणी काढून निस्तरली. चौथं मात्र आपल्या हातातलं नाही. ते का नाही हे शोधायला गेलं की धागा आपल्या गेटबाहेर बराच लांब जातो. म्हणून हा लेख सोसायटीपेक्षा त्या धाग्याबद्दलच जास्त आहे. सांभाळून घ्यावं.

आपल्या राज्यात फ्लॅटधारकांसाठी कायदा नव्हता असं नाही. १९६३ सालीच महाराष्ट्राने मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा केला. आपण सगळे त्याला 'मोफा' म्हणतो. संस्था नोंदल्यापासून चार महिन्यांत बिल्डरने जमीन व इमारत संस्थेच्या नावावर करून द्यावी, असं त्याखालच्या नियमांत आहे. न दिल्यास तुरुंगवासाचीही तरतूद आहे. मुंबई-पुण्यातल्या किती संस्थांना त्या चार महिन्यांत कन्व्हेयन्स मिळालं असेल, हे वाचकांनी आपापल्या नातेवाइकांना विचारून पाहावं. कायदा कागदावर कडक होता, पण तो वापरायचा तर पोलीस ठाणं किंवा दिवाणी कोर्ट. नोकरी करणारा माणूस त्या पायऱ्या किती वेळा चढणार?

त्याच सुमारास ग्राहक म्हणून लोक एकत्र येऊ लागले होते. बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ उभी केली आणि १९७५ च्या गुढीपाडव्याला मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. आपले बाबूजी, म्हणजे सुधीर फडके, त्या कामात होते हे नव्या पिढीला बहुधा माहीत नसेल. सुरुवात साधी होती. काही कुटुंबांनी मिळून महिन्याचं सामान एकत्र घ्यायचं, भाव आणि वजन आपणच तपासायचं आणि वाटून घ्यायचं. आपल्याकडच्या ज्येष्ठ भगिनींना तो संघ, ती याद्या करायची गडबड आठवत असेल. तूरडाळ निवडता निवडता हिशोब मागायची सवय लागली, ती अशी.

२४ डिसेंबर १९८६ रोजी ग्राहक संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. जिल्हा, राज्य आणि राष्ट्रीय अशी तीन पातळ्यांची व्यवस्था ठरली. वकील लावायची सक्ती नाही, तक्रार साध्या कागदावर, आणि निकाल शक्यतो ९० दिवसांत. पण मंच स्थापन करायचे कोणी, तर राज्य सरकारांनी. ती हलेनात. शेवटी 'कॉमन कॉज' या संस्थेला १९८८ साली सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं आणि न्यायालयाने राज्यांना जिल्ह्याजिल्ह्यांत मंच काढायला लावले. म्हणजे ग्राहकाला न्याय देणारं दार उघडण्यासाठीच आधी दुसऱ्या दारात दाद मागावी लागली. हा प्रकार पुढे पुन्हा पुन्हा घडला.

आता लखनौची गोष्ट, कारण ती प्रत्येक फ्लॅटधारकाने ऐकावी अशी आहे. तिथल्या विकास प्राधिकरणाने, म्हणजे सरकारी संस्थेनेच, घरांची योजना काढली. एका मध्यमवर्गीय माणसाला सोडतीत घर लागलं. त्याने पूर्ण पैसे भरले. १९८८ साली खरेदीखत नोंदलं गेलं, पण ताबा मिळेना, कारण बांधकाम अर्धवट होतं. तो ग्राहक मंचात गेला आणि जिंकला. प्राधिकरण राष्ट्रीय आयोगात गेलं, मग सर्वोच्च न्यायालयात. त्यांचं म्हणणं असं की आम्ही सरकारी संस्था, आम्ही काही दुकानदार नव्हे. आणि घर म्हणजे स्थावर मालमत्ता, ती 'सेवा' कशी?

५ नोव्हेंबर १९९३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे दोन्ही मुद्दे फेटाळले. घर बांधून देणं ही सेवाच आहे आणि ती सरकारी संस्था देत असली तरी ग्राहक कायदा तिला लागू आहे. (त्याच वर्षी जूनमध्ये अध्यादेशाने 'घरबांधणी' हा शब्द कायद्यात घातला गेला होता. न्यायालय म्हणालं, तो नसता तरी अर्थ हाच होता.) मानसिक त्रासापोटी १०,००० रुपये द्यायचा आदेश होता, तो कायम झाला. पण खरी गंमत पुढे आहे. ही भरपाई प्राधिकरण देणार म्हणजे कोणाच्या खिशातून? कर भरणाऱ्यांच्याच. म्हणजे त्या गृहस्थाला त्याचेच पैसे त्रासाबद्दल परत मिळणार! म्हणून न्यायालयाने सांगितलं की रक्कम आधी संस्थेने द्यावी, मग जबाबदार अधिकारी कोण ते शोधावं आणि त्यांच्याकडून ती वसूल करावी. अनेक असतील तर विभागून.

मी सेक्रेटरी असताना कुठल्याही कार्यालयात गेलो की हा निकाल आठवायचा. एका कार्यालयात आपल्या अर्जाला सात महिने पोच नव्हती. टेबलामागचे साहेब शांतपणे म्हणाले, "फाईल वर गेली आहे." वर म्हणजे कुठे, हे त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, कारण त्यांच्याशीच पुन्हा काम पडणार होतं. व्यक्तिगत जबाबदारीचं तत्त्व १९९३ पासून आहे. ते वापरायला लागणारं बळ आपल्यापाशी नसतं, हे कबूल केलं पाहिजे.

यानंतर आणखी एक गोष्ट घडली, तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. १९८६ च्या कायद्यात कलम २५ होतं. मंचाचा कोणताही आदेश न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा अमलात आणता येईल, असा त्याचा आशय. २००२ साली कायदा दुरुस्त झाला, दुरुस्ती १५ मार्च २००३ पासून लागू झाली आणि त्या कलमात 'अंतरिम आदेश' असे शब्द आले. अंतरिम म्हणजे खटला चालू असतानाचा, तात्पुरता. मग अंतिम आदेशाचं काय? पैसे येणे असतील तर वसुली दाखला घेऊन कलेक्टरकडे जाता येत होतं. कलम २७ खाली शिक्षेचा अर्जही करता येत होता. पण बिल्डरकडून कन्व्हेयन्सवर सही करून घ्यायची असेल, तर हुकूमनाम्यासारखी अंमलबजावणी कोणत्या कलमाखाली मागायची? निकाल लागला, पेढे वाटले, आणि निकाल फाईलला लावला.

ही चूक २० जुलै २०२० रोजी नवा कायदा लागू झाला तेव्हा सुधारली गेली. मधली १७ वर्षं सरकारं आली, गेली. एका कलमातले दोन शब्द बदलायला कोणाला सवड झाली नाही. त्या काळातले आदेश तरीही लटकलेलेच होते. ऑगस्ट २०२५ मध्ये पुण्याच्या एका गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्या सगळ्या काळासाठी ते कलम 'कोणताही आदेश' असंच वाचावं. वाद कशाचा होता? कन्व्हेयन्सचा! बातमी वाचून मी आमच्या सौ.ना हाक मारली, तर त्या म्हणाल्या, "आता तरी कपाटातल्या फायली कमी होतील का?"

रिकाम्या खुर्च्यांची कथा तर वेगळीच. आयोगांवर अध्यक्ष-सदस्य नेमायचे सरकारने; ते नेमत नाहीत, म्हणून २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून याचिका दाखल करून घेतली. त्या याचिकेच्या नावातच 'सरकारांची निष्क्रियता' आहे. सुनावणीत न्यायमूर्ती वैतागून म्हणाले होते की चालवायचे नसतील तर कायदाच रद्द करा. नेमणुकांचे जे नवे नियम केंद्राने २०२० मध्ये केले, त्यातले काही मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सप्टेंबर २०२१ मध्ये रद्द ठरवले. मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला आणि सदस्य निवडीसाठी लेखी परीक्षा घ्यायला सांगितलं. शंभर गुणांचे दोन पेपर आणि पन्नास गुणांची तोंडी. आपल्या मुलांना दहावीपासून जे चुकत नाही, ते आता त्यांनाही.

रेराबद्दल थोडक्यात, कारण तो आपल्यानंतर आला. महारेरा २०१७ पासून आहे. नव्या प्रकल्पात ग्राहकांकडून आलेल्या पैशांतले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, प्रकल्पाची माहिती घरबसल्या दिसते. २०१८ मध्ये ग्राहक पंचायतीच्या सहभागाने तिथे सलोखा मंचही सुरू झाला. आपल्या मुलांनी नवीन घर घेताना आधी तिथे नोंदणी क्रमांक पाहावा. पण वसुलीचे आदेश शेवटी कलेक्टर कार्यालयाच्याच हातात जातात, हे लक्षात ठेवूनच पाहावं.

आपल्यासारख्या जुन्या संस्थांसाठी उपयोगाचं आहे ते मानीव अभिहस्तांतरण, म्हणजेच डीम्ड कन्व्हेयन्स. २००८ साली मोफात दुरुस्ती झाली, २०१० मध्ये नियम आले. बिल्डर सही देत नसेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचा. ते सुनावणी घेऊन आदेश व प्रमाणपत्र देतात. सरकारने स्वतःच्या चुकीवर काढलेला हा तोडगा आहे, आणि बरा आहे.

आपला अर्ज तयार आहे. मालमत्ता पत्रकावर आजही जुन्या जमीनमालकांचंच नाव दिसतं. नोंदणी दाखला, मंजूर नकाशे, इंडेक्स टूच्या प्रती सगळं हिरव्या फायलीत लावलेलं आहे. ए विंगमधल्या दोन सभासदांचे मूळ करारनामे अजून यायचे आहेत. त्यांनी ते येत्या रविवारी ऑफिसात आणून द्यावेत, झेरॉक्सचा खर्च सोसायटी करेल.