दोन डोळ्यांची दुर्बीण

माझ्या मामूंच्या घरी भिंतीवर एक बंदूक होती आणि शेजारच्या खुंटीला चामडी पेटीतली दुर्बीण. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकारीचे दिवस संपले. बंदुकीला गंज चढला. दुर्बीण मात्र मामूंच्या गळ्यात राहिली. दिवस मावळताना खाडीवर उतरणारी बदकं ते मला तिच्यातून दाखवायचे.

नोकरी लागल्यावर मीही दुर्बीण घेतली. मामूंची ७ बाय ५०, माझी २० बाय ५०. दुकानदार म्हणाला होता, 'वीस पट जवळ दिसेल.' भिंगं माणकासारखी लालभडक. मामूंनी ती डोळ्यांना लावली, खाली ठेवली आणि म्हणाले, "बेटा, आकडा घेऊन आलास. उजेड दुकानातच राहिला."

उजेडाची ही गोष्ट चारशे वर्षांची आहे. १६०८ साली मिडेलबर्गचा चष्मेवाला हान्स लिपरहे आपल्या दुर्बिणीचं पेटंट मागायला डच सरकारकडे गेला. सरकारनं विचारलं, दोन्ही डोळ्यांनी बघता येईल अशी करशील का? त्यानं करून दिली. पैसे मिळाले, पेटंट मिळालं नाही. कारण ही युक्ती इतरांनाही ठाऊक झाली होती.

त्या जातीच्या दुर्बिणीतून दृश्य अरुंद दिसे. केप्लरनं सुचवलेल्या रचनेत ते रुंद दिसे, पण उलटं. ते सुलटं करणारी लोलकांची जोडणी इटलीच्या इग्नाझिओ पोरो यांनी १८५४ साली काढली. पण तेव्हाची काच तितकी निर्मळ नव्हती. १८८४ साली जर्मनीतल्या येना गावी ऑटो शॉट यांनी आबे आणि झाइस यांच्या साथीनं काचेचा कारखाना काढला. त्यानंतर १८९४ साली अर्न्स्ट आबे यांनी आखलेली लोलकांची दुर्बीण झाइसनं बाजारात आणली.

त्या काळी पक्षी ओळखायचा तर आधी तो पाडायचा, अशीच रीत होती. १९०८च्या सुमारास मुंबईत सालिम अली नावाच्या मुलानं छऱ्याच्या बंदुकीनं पिवळ्या गळ्याची एक चिमणी पाडली. ती ओळखून घ्यायला तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला आणि तिथूनच त्याचा पक्षिशास्त्राचा रस्ता सुरू झाला. अमेरिकेत नाताळच्या दिवशी पक्षी मारण्याची चढाओढ चाले. १९०० साली फ्रँक चॅपमन यांनी सुचवलं, मारू नका, मोजा. पुढे चांगली दुर्बीण लोकांच्या हाती आली, तशी बंदुकीची गरज सरत गेली.

पण ती सहज हाती आली नाही. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या नौदलालाही दुर्बिणी पुरेनात. त्यांनी नागरिकांकडून एकेक डॉलर भाडं देऊन त्या मागून घेतल्या! १९३५ साली झाइसच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी भिंगावर अतिपातळ लेप देण्याची रीत काढली. लेप नसेल तर काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर चार-पाच टक्के उजेड परत फिरतो. असे दहा पृष्ठभाग धरले, तर तिसऱ्या हिश्श्याहून जास्त उजेड वाटेतच जातो. दुसऱ्या महायुद्धानंतर लेपाच्या दुर्बिणी जपानी कारखान्यांनी जगभर स्वस्तात पाठवल्या, आणि आपल्यासारख्यांच्या खिशाला त्या परवडू लागल्या.

आता मामूंचं म्हणणं उकलतं. दुर्बिणीवरचा पहिला आकडा किती पट, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्यानं भागा. मामूंचे येतात सात, माझे अडीच. डोळ्याशी येणाऱ्या उजेडाच्या झोताची ही रुंदी. भर दुपारी अडीच पुरतात. तिन्हीसांजेला बाहुली मोठी होते आणि अडीच अपुरे पडतात. त्यात वीस पट म्हणजे हाताचा कंपही वीस पट. पन्नाशीनंतर बाहुली बहुधा पाचापलीकडे उघडत नाही, म्हणून माझ्या वयाला ८ बाय ४० किंवा ८ बाय ४२ बेताची. युरोपातले शिकारी संधिप्रकाशासाठी ८ बाय ५६ घेतात, पण ती गळ्याला जड.

पैसे कमी असतील तर सरळ नळ्यांच्या सडपातळ दुर्बिणीपेक्षा पोरोच्या पद्धतीची, खांदे काढलेली घ्या. त्याच पैशांत ती बहुधा जास्त स्वच्छ दाखवते. दुर्बीण उजेडाकडे धरून हातभर अंतरावरून पाहा. डोळ्याकडच्या भिंगातलं प्रकाशाचं वर्तुळ पुरतं गोल हवं. कडा चौकोनी, करड्या दिसल्या तर लोलकाची काच हलकी. दूरच्या विजेच्या तारेवर रोखा. एका तारेच्या दोन दिसल्या तर ती परत करा. लाल भिंगांना भुलू नका, ती तांबडा उजेड परत लावतात आणि चित्र हिरवट होतं. चष्मा असेल तर तो न काढता पूर्ण दृश्य दिसतं का, तेही बघा. आणि दुकानात जायचं ते दिवस कलल्यावर.

मामूंची दुर्बीण आज माझ्याकडे आहे. एक लोलक सरकलाय, बदकं दुहेरी दिसतात. गेल्या वर्षी भाच्याला ८ बाय ४२ घेऊन दिली. तो पहिल्याच संध्याकाळी खाडीवर गेला. अंधार पडला तरी परत येईना, म्हणून त्याला बोलवायला मला जावं लागलं.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)