मानेच्या मणक्यांवरील शस्त्रक्रिया : रुग्णांची दीर्घकालीन जीवितता

मानेतील सात मणके, त्यांमधील गाद्या किंवा त्यांच्या आतून जाणारा मज्जारज्जू यांसाठी शस्त्रक्रिया झाल्यावर रुग्ण किती वर्षे आणि कोणत्या अवस्थेत जगतात, हा या नोंदीचा विषय. हातापायांची हालचाल, श्वास, लघवी या सगळ्यांचे संदेश मानेतूनच जातात. त्यामुळे मानेचे ऑपरेशन म्हटले की घरच्यांचा पहिला प्रश्न जिवाचा असतो. त्याला सर्वांसाठी एकच उत्तर नाही. मान कशासाठी उघडावी लागली आणि त्या दिवसापर्यंत मज्जारज्जूचे किती नुकसान होऊन गेले होते, या दोन गोष्टींवर पुढचे आयुष्य मुख्यत्वे ठरते. कोणता स्क्रू किंवा कोणती पट्टी बसवली, याचा वाटा त्यामानाने थोडा.

प्राचीन इजिप्तमधील एडविन स्मिथ पपायरस या शल्यलेखात (उपलब्ध प्रत इ.स.पू. सुमारे १६००) मानेचा मणका निखळून हातपाय लुळे पडलेल्या माणसाचे वर्णन आहे. त्याच्यावर उपचार करू नयेत, असा निवाडा तिथे दिलेला आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत चित्र फारसे बदलले नव्हते. असे रुग्ण बहुधा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत मूत्रमार्गाच्या संसर्गाने वा शय्याव्रणांनी दगावत. १९४४ मध्ये लुडविग गुटमान यांनी इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल येथे मज्जारज्जूच्या दुखापतींचे केंद्र सुरू केले. रुग्णाची कूस ठरावीक वेळाने बदलणे, मूत्राशय स्वच्छ व रिकामे ठेवणे यांवर त्यांनी कटाक्षाने भर दिला. जीविततेत मोठी सुधारणा झाली ती आधी या शुश्रूषेमुळे. गळ्याच्या पुढच्या बाजूने गादी काढून मणके जोडण्याची पद्धत स्मिथ व रॉबिन्सन आणि क्लोवर्ड यांनी १९५० च्या दशकात रूढ केली. मणक्याची मागची कमान एका बाजूने उघडून मज्जारज्जूला जागा करून देण्याची पद्धत जपानमध्ये १९७० च्या दशकात विकसित झाली.

मानेच्या शस्त्रक्रियांत सर्वांत मोठा वाटा झिजेच्या विकारांचा आहे. लोक त्यांना ‘मणक्यात गॅप’, ‘गादी सरकली’, ‘नस दबली’ असे म्हणतात. आधी ठरवून केलेल्या अशा शस्त्रक्रियेत मृत्यू विरळा, एक टक्क्याहून कमी असतो. पुढून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही तासांत जखमेत रक्त साचून श्वासनलिका दाबली जाणे हा टपून बसलेला धोका. म्हणून त्या रात्री रुग्णाच्या श्वासावर आणि गिळण्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतात. तो काळ निभावला की आयुर्मान वय, हृदय, मधुमेह आणि तंबाखू यांच्या हाती जाते. वर्षांमागून वर्षे गेल्यावर प्रश्न उरतो तो बहुधा दुसऱ्या ऑपरेशनचा. हिलिब्रँड आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ३७४ रुग्णांच्या पाठपुराव्यातून दाखवले, की जोडलेल्या मणक्यांच्या शेजारच्या पातळीवर दरवर्षी सरासरी २.९ टक्के रुग्णांना नवा त्रास सुरू होतो. दहा वर्षांत हे प्रमाण सुमारे चौघांत एक असे पडते.

मज्जारज्जू दबला असताना मात्र वाट पाहणे महागात पडते. शर्टाची बटणे लावता न येणे, चालताना पायातली चप्पल निसटल्याचे न कळणे, ही त्याची सुरुवातीची लक्षणे. दुखत नाही म्हणून ती दुर्लक्षिली जातात, कुणी ती वयावर ढकलतो, आणि रुग्ण शल्यचिकित्सकापुढे येतो तेव्हा आधाराशिवाय चालू शकत नसतो. जपानी अस्थिशल्य संघटनेच्या १७ गुणांच्या मापनात रुग्णाला चॉपस्टिक्सने जेवता येते का, हेही पाहतात. शस्त्रक्रियेपूर्वी हे गुण जितके कमी, तितकी भरपाई अपुरी.

आमवाताच्या (रुमॅटॉइड) रुग्णांत हा धडा सर्वांत कठोर दिसतो. या आजारात पहिला व दुसरा मणका एकमेकांवरून सरकतात. मूळचे भारतीय असलेले अमेरिकेतील अस्थिशल्यचिकित्सक चित्तरंजन राणावत यांनी १९७९ मध्ये केलेले वर्गीकरण आजही यासाठी वापरतात. त्यातल्या शेवटच्या गटातले, म्हणजे चालणे थांबलेले रुग्ण शस्त्रक्रियेनंतरही पुढील काही वर्षांत मोठ्या प्रमाणात दगावतात, असे केसी, क्रॉकार्ड आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ब्रिटनमधून दाखवून दिले. याच दोन मणक्यांसाठी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील अतुल गोयल यांनी लाहेरी यांच्यासह १९९४ मध्ये पट्टी व स्क्रूंचे तंत्र प्रसिद्ध केले. १६० रुग्णांवरील त्यांचा अनुभव २००२ मध्ये छापून आला. जर्मनीतील हार्म्स यांनी केलेल्या फेरबदलासह हे तंत्र आज जगभर गोयल-हार्म्स या नावाने चालते. परळच्या एका सार्वजनिक रुग्णालयातून निघालेल्या या कामाची नोंद मराठी वाचकाला असायला हवी.

उतारवयात साध्या पडण्यानेही दुसऱ्या मणक्याचा दंताकार भाग मोडतो. ६५ वर्षांवरील १५९ रुग्णांच्या २०१३ मधील एका अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी १४ टक्के, तर न झालेल्यांपैकी २६ टक्के एका वर्षात मरण पावले. हा फरक सगळा शस्त्रक्रियेच्या पदरात टाकता येत नाही. मुळात धडधाकट असलेल्यांनाच ऑपरेशनसाठी निवडले जाण्याची शक्यता मोठी असते. कर्करोग मणक्यात पसरून मज्जारज्जू दबला असेल तर हिशेब महिन्यांचा होतो. पॅचेल यांच्या २००५ मधील चाचणीत (पाठीच्या कण्याच्या सर्व भागांचे १०१ रुग्ण) शस्त्रक्रिया व किरणोपचार मिळालेल्यांपैकी ८४ टक्के चालू शकले, केवळ किरणोपचार मिळालेल्यांपैकी ५७ टक्के. जगण्याचा मध्यांक अनुक्रमे १२६ आणि १०० दिवस होता. उरलेले दिवस स्वतःच्या पायांवर काढता येणे ही इथली खरी कमाई.

तीव्र दुखापतीचे सर्वांना ठाऊक उदाहरण अभिनेते क्रिस्टोफर रीव्ह यांचे. २७ मे १९९५ रोजी घोड्यावरून पडून त्यांचे वरचे दोन मणके मोडले. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रुग्णालयात कवटी आणि मान पुन्हा जोडण्यात आली. मज्जारज्जू मात्र सांधता आला नाही. व्हेंटिलेटरच्या आधाराने ते नऊ वर्षांहून अधिक जगले, आणि शय्याव्रणाच्या संसर्गावर उपचार चालू असताना हृदय बंद पडून १० ऑक्टोबर २००४ रोजी वारले. अशा रुग्णांत आज मृत्यूची प्रमुख कारणे न्यूमोनिया आणि रक्तात पसरलेला संसर्ग ही आहेत. श्वासपटलाला चेतना देणाऱ्या नसा मानेच्या तिसऱ्या ते पाचव्या पातळीवरून निघतात, म्हणून त्याच्या वरची इजा सर्वांत घातक. कूस बदलणारे, छातीतला कफ मोकळा करणारे, लघवीची नळी स्वच्छ ठेवणारे हात घरी किती आहेत, यावर इथे आयुष्याची वर्षे अक्षरशः अवलंबून असतात. हे काम बहुतेक घरांत बायको, आई किंवा मुलगी विनामोबदला करते. जीविततेच्या तक्त्यांत तिच्यासाठी रकाना नसतो.

आकडे वाचताना आणखी एक पाहावे लागते. दीर्घकालीन जीवितता सहसा कॅप्लन आणि मायर यांच्या १९५८ मधील पद्धतीने काढतात. तीत संपर्क तुटलेल्या रुग्णांची गणना त्यांच्या शेवटच्या भेटीपर्यंतच होते, आणि राहिलेल्यांसारखेच तेही जगत असतील असे गृहीत धरले जाते. मोठ्या शहरात ऑपरेशन करून दूरच्या गावी परतलेला, परत येण्यासाठी गाडीभाडे नसलेला रुग्ण या गृहीतकात बसत नाही. असे रुग्ण अधिक मरत असतील, तर कागदावरची जीवितता खऱ्याहून चांगली दिसते.