एका संगणकाच्या पोटात दुसरा

सालवड, पास्थळ, कुंभवली या गावांच्या शिवारात तारापूरची औद्योगिक वसाहत पसरली. जवळच्या अणुवीज केंद्राची वीज 1969 मध्ये सुरू झाली, त्या सुमारास अमेरिकेत आयबीएम एकाच मेनफ्रेमवर अनेक आभासी यंत्रे, म्हणजे सॉफ्टवेअरने उभे केलेले संगणक, चालवत होती. 1972 मध्ये तिने त्यासाठीची व्हीएम/370 ही प्रणाली जाहीर केली. तारापूरसारख्या वसाहतीतल्या छोट्या कारखानदाराला ही चैन परवडणारी नव्हतीच.

फुकटातला मार्ग उघडायला तीस वर्षे गेली. 2003 मध्ये फ्रान्सच्या फॅब्रिस बेलारचे क्यूईएमयू आणि केंब्रिज विद्यापीठातले झेन ही आभासी यंत्रे चालवणारी सॉफ्टवेअरे आली. 2005-06 मध्ये इंटेल आणि एएमडीने प्रोसेसरमध्येच त्यासाठी सोय केली. मग इस्रायलच्या क्युमरानेट कंपनीत ही सोय वापरणारे केव्हीएम लिहिले गेले आणि फेब्रुवारी 2007 मध्ये ते थेट लिनक्सच्या गाभ्यात शिरले. पुढच्याच वर्षी रेड हॅटने क्युमरानेट विकत घेतली. पुढे रेड हॅटच्या पुण्यातल्या कार्यालयातही केव्हीएमवर काम झाले. व्हर्च्युअलबॉक्स या अशाच सॉफ्टवेअरचा कोडही 2007 मध्येच खुला झाला.

कारखान्यात आभासी यंत्राची खरी गरज पडते ती जुन्या सॉफ्टवेअरपायी. मशीन ठणठणीत, पण तिचा प्रोग्रॅम विंडोज एक्सपीवरच चालणारा, आणि एक्सपीचा आधार 8 एप्रिल 2014 रोजी संपला. अशा वेळी नव्या पीसीवर लिनक्स टाकून आतल्या आभासी यंत्रात एक्सपी चालवता येते. आधी प्रोसेसरच्या माहितीत ‘व्हीएमएक्स’ किंवा ‘एसव्हीएम’ ही अक्षरे शोधायची. ती असूनही केव्हीएम अडले, तर बहुधा बायोसमध्ये प्रोसेसरची ही सोय बंद असते! प्रोग्रॅमचा यूएसबी डोंगल आतल्या यंत्राला जोडून देता येतो. जुन्या पद्धतीच्या आयएसए कार्डावर चालणाऱ्या मशीनसाठी मात्र जुना पीसीच सांभाळावा लागतो.