गणेशखिंडीतला उजेड आणि अंधार

22 जून 1897 ची रात्र मराठी वाचकाला परिचित आहे. प्लेगच्या बंदोबस्तातील घरझडत्यांमुळे पुणेकरांच्या रोषाचा विषय झालेला अधिकारी रँड गणेशखिंडीतील गव्हर्नमेंट हाउसमधून परतत असता दामोदर चापेकर यांनी त्याच्यावर गोळी झाडली. मागच्या गाडीतील लेफ्टनंट आयर्स्ट हा बाळकृष्ण चापेकर यांच्या गोळीने जागीच ठार झाला. रँड 3 जुलै रोजी मरण पावला. ही घटना आपण शौर्याची कथा म्हणून वाचतो आणि शिकवतो. रात्रीच्या रस्त्यावर काय दिसते आणि काय दिसत नाही, या अंगानेही ती वाचता येईल, असे आम्हांस वाटते.

ती व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाची रात्र होती. टेकड्यांवर होळ्या पेटल्या होत्या. दामोदर यांनी तुरुंगात लिहिलेल्या आत्मवृत्तानुसार, संध्याकाळी रँडची गाडी जाताना त्यांनी पाहिली होती. तरी त्यांनी ती जाऊ दिली आणि परतीची वेळ निवडली. रात्री फाटकातून गाडी बाहेर पडताच ते दहा-पंधरा पावलांवरून मागे धावले. पिवळ्या बंगल्याजवळ त्यांनी ‘गोंद्या’ अशी ठरलेली हाक दिली, गाडीचा पडदा वर केला आणि वीतभर अंतरावरून गोळी झाडली.

वास्तविक दोघांनीही रँडवरच गोळी झाडायची असे ठरले होते. बाळकृष्ण मागे पडले. मागच्या गाडीतील माणसे आपसांत कुजबुजत आहेत, या संशयाने त्यांनी तिच्यातील एकाच्या डोक्यावर गोळी झाडली. आतषबाजीच्या त्या रात्री रस्त्यावर डोळ्यांचे काम कानांनी केले. एका गोळीमागे ठरलेली हाक होती, दुसऱ्या गोळीमागे केवळ कुजबुज. पहिलीची कथा आपण विस्ताराने सांगतो. दुसरी एका वाक्यात उरकतो.

ते गव्हर्नमेंट हाउस म्हणजे आजच्या विद्यापीठाची मुख्य इमारत. तेथून रात्री घरी परतताना समोरच्या मोटारीचा प्रखर झोत डोळ्यांवर आला की क्षणभर आम्हांस रस्ताच दिसेनासा होतो. अंधाराला पुरते सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटे लागतात. तो सराव मोडायला एक झोत पुरतो. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी म्हणूनच दिव्याचा झोत खाली वळवण्याची अट घातली आहे : समोर 8 मीटरवर, दीड मीटर उंचीवर असलेला डोळा दिपता कामा नये. नियमकर्त्याने समोरच्या अनोळखी माणसाच्या डोळ्याची उंची मोजली आहे, हे आम्हांस विशेष वाटते.

झोतामागचा माणूस आम्हांस दिसत नाही. तो कोण, कसा, हे आम्ही मनाशी ठरवून टाकतो आणि बहुधा त्याला शिवीही देतो. अंधुक रस्त्यावर माणूस अंदाजावर चालतो आणि अंदाजालाच ओळख समजतो. इतिहास वाचतानाही ही चूक होते. एका घटनेवर स्मरणाचा झोत टाकला की शेजारची घटना अधिकच काळोखात जाते. रँड वर्गात शिकवताना आयर्स्टसाठीही चार वाक्ये राखून ठेवावीत, एवढेच आमचे सुचवणे आहे.