अफवेचा वेग आणि यंत्रबुद्धी : एका तपाचा आढावा

असत्य वृत्ताचा प्रसार व माध्यमासक्ती यांना कृत्रिम बुद्धिमत्तेने आळा घालता येईल काय, ही चर्चा सामान्यतः भविष्यकाळात केली जाते. वस्तुतः या प्रश्नामागे २०१२ ते २०२४ या एका तपाचा इतिहास आहे. तो तपासला असता असे दिसते की, यंत्राच्या बुद्धीपेक्षा त्याला नेमून दिलेले परिमाणच अधिक निर्णायक ठरले.

२०१२ साली यूट्यूबने शिफारशीसाठी चित्रफीत किती जणांनी उघडली यापेक्षा ती किती वेळ पाहिली गेली यास महत्त्व दिले. फसव्या शीर्षकांना पायबंद घालणे हा त्यामागील हेतू होता; परंतु त्यामुळे प्रेक्षकाला खिळवून ठेवणे हेच यंत्राचे साध्य झाले. जानेवारी २०१९ मध्ये त्याच संस्थेने दिशाभूल करणाऱ्या, उदाहरणार्थ पृथ्वी सपाट असल्याचे सांगणाऱ्या, चित्रफितींची शिफारस कमी करण्याचे जाहीर केले. त्या ओळखण्याचे काम मानवी परीक्षकांच्या निर्णयांवरून शिकविलेल्या यंत्रांकडेच सोपविण्यात आले.

या दोन वर्षांच्या दरम्यान महाराष्ट्राने अफवेचे भीषण रूप पाहिले. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांची जमावाने हत्या केली. त्या काळात देशभर फिरलेली एक चित्रफीत मूळची कराचीतील बालसुरक्षाविषयक प्रबोधनाची होती; तिचा खुलासा करणारा शेवटचा भाग कापलेला होता. दृश्य तेच राहिले, संदर्भ मात्र नाहीसा झाला. शिवाय व्हॉट्सॲपवरील संदेश कूटबद्ध असल्याने त्यांतील मजकूर पारखणे संस्थेलाही शक्य नव्हते. म्हणून त्याच महिन्यात भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविण्याची मर्यादा जाहीर झाली. एप्रिल २०२० मध्ये वारंवार पुढे गेलेल्या संदेशांसाठी ती एकावर आणली गेली, आणि अशा संदेशांचा प्रसार ७० टक्क्यांनी घटल्याचे संस्थेने सांगितले. हा उपाय बुद्धीचा नव्हता, केवळ गतिरोधाचा होता.

याउलट सप्टेंबर २०२४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात कॉस्टेलो, पेनीकुक व रँड यांनी २,१९० व्यक्तींवरील प्रयोग प्रसिद्ध केला. यंत्राशी साधार संवाद केल्यावर कटकारस्थानांवरील विश्वास सरासरी सुमारे २० टक्क्यांनी घटला व तो परिणाम दोन महिने टिकला. तथापि प्रयोगातील व्यक्तींना विचारास अवसर होता. राईनपाड्याच्या जमावाने तो घेतलाच नाही. तेव्हा यंत्राच्या युक्तिवादास वाव मिळावा म्हणून आधी वेग कमी होणे अवश्य ठरते.

प्रसाराची परिमाणे व मर्यादा ठरविण्याचा हा अधिकार प्रामुख्याने खाजगी संस्थांच्या हाती राहिला. युरोपीय संघाच्या २०२२ च्या डिजिटल सेवा अधिनियमाने शिफारशीची मुख्य परिमाणे वापरकर्त्यांपुढे उघड करणे बंधनकारक केले. ही परिमाणे कोणी व केव्हा बदलली, याची नोंद उपलब्ध असल्याखेरीज या कालखंडाचा इतिहास पूर्णत्वाने लिहिता येणार नाही.