सक्तीच्या विश्रांतीकडून सायकलकडे : हृदयरुग्णाच्या पुनरागमनाचा इतिहास



बालाघाट जिल्ह्यात सायकल ही प्रामुख्याने हौसेची वस्तू कधीच नव्हती. भरवेलीच्या मँगनीज खाणीत पाळीवर जाणारा कामगार, वैनगंगेकाठच्या खेड्यातून बाजाराला येणारा भाजीविक्रेता, दूरच्या शाळेत शिकविणारा गुरुजी, या साऱ्यांचे पोटपाणी तिच्यावर चाले. म्हणूनच हृदयावर शस्त्रक्रिया झालेल्या माणसाने पुन्हा सायकलवर बसावे की नाही, हा प्रश्न आपल्याकडे उपजीविकेचा आणि स्वाभिमानाचा ठरतो. वैद्यकशास्त्राला त्याचे उत्तर सापडावयास दीडशेहून अधिक वर्षे लागली.

या इतिहासाचा आरंभ श्रमाच्या बाजूने झाला, हे नवल वाटावे असे आहे. इंग्रज वैद्य विल्यम हेबर्डन यांनी १७६८ साली हृदयशूळाचे वर्णन केले. त्यांच्या निधनानंतर, १८०२ मध्ये, प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात एका रुग्णाची नोंद आहे. रोज अर्धा तास लाकूड कापण्याचा नेम धरून तो जवळजवळ बरा झाला होता. परंतु हे निरीक्षण विस्मृतीत गेले. १९१२ मध्ये अमेरिकेतील जेम्स हेरिक यांनी हृदयविकाराचा झटका आलेला रुग्ण जगू शकतो, हे दाखवून दिले व त्याला पूर्ण विश्रांती द्यावी असे सुचविले. हृदयाच्या दुखावलेल्या स्नायूवर घट्ट व्रण धरावयास सुमारे सहा आठवडे लागतात. तोवर ताण पडला तर तो फाटेल, ही भीती त्यामागे होती. परिणामी रुग्ण आठवडेच्या आठवडे अंथरुणास खिळला. पायांत रक्ताच्या गुठळ्या होत, त्या फुप्फुसात जाऊन प्राण घेत. आणि जो वाचे तो मनाने खचलेला असे.

या रूढीला पहिला मोठा धक्का १९५२ साली बसला. बोस्टनचे सॅम्युएल लेव्हिन व बर्नार्ड लाऊन यांनी ८१ रुग्णांना लवकरच खुर्चीत बसविले आणि त्यात धोका नसल्याचे दाखविले. १९५५ च्या सप्टेंबरात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना झटका आला. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत पॉल डडली व्हाइट हे हृदयतज्ज्ञ होते. आयझेनहॉवर कामावर परतले आणि १९५६ ची निवडणूकही जिंकले. व्हाइट स्वतः सायकलचे कट्टर पुरस्कर्ते होते. बोस्टनमध्ये नदीकाठचा एक सायकलमार्ग त्यांच्या नावाने ओळखला जातो.

तरीही विश्रांतीने नेमकी किती हानी होते, याचे मोजमाप व्हावयाचे होते. ते १९६६ मध्ये डॅलस येथे झाले. विशीतील पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणावर झोपवून ठेवले, तेव्हा त्यांची श्रमक्षमता चतुर्थांशाहून अधिक घटली. तीस वर्षांनी तेच पाच जण पुन्हा तपासले गेले. तीस वर्षांच्या वयोमानानेही जेवढी झीज झाली नाही, तेवढी त्या तीन आठवड्यांनी केली होती.

याच काळात शस्त्रक्रियेने मोठी झेप घेतली. १९५३ मध्ये जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने शस्त्रक्रिया यशस्वी केली. १९६७ मध्ये रेने फावालोरो यांनी पायाची नीला वापरून बायपासचा मार्ग रूढ केला. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये हृदयारोपणाचे धाडस केले; रुग्ण वाचला नाही, पण भारतीय शल्यविशारदांची उमेद त्यातून दिसली. नागपूरचे वैद्यकीय महाविद्यालय १९४७ मध्ये सुरू झाले, तेव्हा बालाघाट त्याच प्रांतात होते. १९५६ मध्ये राज्ये निराळी झाली, तरी उपचारासाठी आपली कित्येक कुटुंबे आजही नागपूरचीच वाट धरतात.

शस्त्रक्रियेनंतरच्या वाटचालीत सायकल आली ती आधी यंत्र म्हणून. डेन्मार्कचे ऑगस्ट क्रोघ यांनी १९१३ मध्येच श्रम मोजणारी स्थिर सायकल वर्णिली होती. तीत शरीराचा भार बैठक पेलते आणि श्रम हवा तेवढा वाढविता येतो. म्हणून रुग्णाची क्षमता पारखण्यास ती सोयीची ठरली. १९७३ मध्ये टोरांटोचे सात हृदयरुग्ण बोस्टनची मॅरेथॉन धावले, तेव्हा उरलीसुरली शंकाही डळमळली.

मात्र स्थिर सायकल व रस्त्यावरची सायकल यांत अंतर आहे. बायपासमध्ये बहुधा छातीचे मधले हाड चिरून पुन्हा तारेने जोडतात. ते सांधण्यास दोन-तीन महिने लागतात. तोवर हँडलवरचा भार, खड्ड्याचा हिसका वा एखादी पडझड घातक ठरू शकते. म्हणून क्रम असा : प्रथम सपाटीवर चालणे, मग देखरेखीखाली स्थिर सायकल, आणि शल्यविशारदांच्या अनुमतीनंतरच रस्ता. तोही वैनगंगेच्या खोऱ्यातील सपाट. बैहरकडचा घाट पुष्कळ पुढचा. काही औषधांनी नाडी मंदावते, तेव्हा तिच्या ठोक्यांवर विसंबता येत नाही. चालविताना सहज बोलता येते आहे का, हे पाहावे. छातीत दुखले, धाप लागली, भोवळ आली की तत्काळ थांबावे. कृत्रिम झडप बसविलेल्या व रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्यास साधी पडझडही रक्तस्रावामुळे महाग पडते.

घरची माणसे प्रेमापोटी सायकलीला कुलूप घालतात. सहा आठवड्यांच्या अंथरुणामागची भीतीच त्या कुलपात शिल्लक आहे. ती नुसत्या उपदेशाने जाणार नाही. नागपुरात शस्त्रक्रिया होते, पण तिच्यानंतरचे दीर्घ महिने रुग्ण आपल्याच गावी काढतो. तिथे त्याला मोकळी, सपाट जागा आणि जाणत्या माणसाची सोबत हवी. शाळेचे पटांगण पहाटे रिकामेच असते. माजी विद्यार्थ्यांत डॉक्टर आहेत, व्यायामशिक्षक आहेत. त्यांनी मनावर घेतले, तर खाणीतला कामगार पुन्हा आपल्या सायकलीने पाळीवर जाईल, आणि त्याच्या घरच्यांनाही त्याची वाट पाहताना धास्ती वाटणार नाही.